ड्रमला हात लावला की चटका बसतो: टोल्युइन हाताळणाऱ्या एका सुपरवायझरला उत्तर

विचारणारे चपला-बुटांसाठी रबर सोल्यूशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, बनवणाऱ्या एका लहान युनिटमध्ये नवे सुपरवायझर आहेत. त्यांच्याकडे टोल्युइनचे, म्हणजे रबर विरघळवणाऱ्या आणि चटकन पेटणाऱ्या सॉल्व्हंटचे, २०० लिटरचे ड्रम येतात. ड्रम आडवा करून प्लास्टिकच्या बादलीत माल काढायचा आणि बादली मिक्सरमध्ये ओतायची, अशी पद्धत. ते लिहितात, "थंडीत ड्रमला हात लावला की कधी कधी चटका बसतो. जुनी माणसं म्हणतात, पंधरा वर्षं असंच चाललंय, काही होत नाही. शेडला अर्थिंग आहे. तरी काळजी करायची का? मास्क कोणता घ्यावा? रिकामे ड्रम भंगारवाल्याला देतो, त्यात काही धोका?"

काळजी करायची, आणि आजच करायची. तुम्ही 'चटका' म्हणून सोडून दिलीत ती ठिणगी आहे. ती आतापर्यंत चुकीच्या जागी पडली नाही, एवढाच त्या पंधरा वर्षांचा अर्थ.

आधी ड्रमच्या आत काय चाललंय ते समजून घ्या, कारण टोल्युइनची खरी खोड तिथे आहे. तुमची माणसं म्हणत असतील, "आम्ही पेट्रोलपण हाताळतो, हे त्यापेक्षा सौम्य." ऐकायला पटतं. टोल्युइन ११०.६ अंशांना उकळतं, पेट्रोलपेक्षा सावकाश उडतं. पण बाष्प पेटायला हवेतलं त्याचं प्रमाण ठरावीक पट्ट्यात असावं लागतं. टोल्युइनचा हा पट्टा साधारण १.१ ते ७.१ टक्के. त्याखाली बाष्प कमी म्हणून पेटत नाही, त्यावर हवा कमी म्हणून पेटत नाही. बंद पेट्रोलच्या टाकीत द्रवावरची मोकळी जागा बाष्पाने इतकी गच्च असते की आपल्या हवामानात ती पेट्रोलच्या पट्ट्याच्या वर जाते. टोल्युइनचं तसं नाही. २० अंशांना बंद ड्रममध्ये बाष्पाचं प्रमाण २.९ टक्क्यांच्या आसपास बसतं, ३० अंशांना पावणेपाच, ३५ अंशांना सहाच्या वर. हिशेब करून बघा, ४ अंशांपासून ३७-३८ अंशांपर्यंत अर्धवट ड्रमचा वरचा भाग कायम स्फोटक पट्ट्यात असतो. महाराष्ट्रातलं जवळजवळ सगळं वर्ष याच तापमानात जातं. म्हणजे ड्रमच्या आत वात तयार आहे, फक्त काडी लागायची बाकी आहे, आणि ही स्थिती जवळजवळ बारा महिने आहे.

आता काडी. टोल्युइनचं योग्य प्रमाणातलं बाष्प पेटवायला ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. माणसाच्या अंगावर साठलेला विद्युतभार धातूला स्पर्श करताना सुटतो तेव्हा आपल्याला तो जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. अंगाची विद्युत साठवण लक्षात घेतली तर त्या ठिणगीत एक मिलिज्यूलच्या आसपास ऊर्जा निघते. तुमच्या हाताला जाणवलेला सर्वात हलका चटकासुद्धा पेटवायला लागणाऱ्या ऊर्जेच्या तीन-चार पट असतो. बंग, म्हणजे ड्रमच्या तोंडाचं बूच, उघडं असताना तो चटका तोंडाशी बसला, तर पुढचं सांगायची गरज नाही.

आणि ही काडी टोल्युइन स्वतःच बनवतं. ते विजेचं अत्यंत वाईट वाहक आहे. पाइपातून वाहताना, जाळीतून गाळताना, उंचावरून पडून उसळताना त्यात भार तयार होतो आणि तो पटकन उतरत नाही, मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ द्रवातच राहू शकतो. ॲसिटोन किंवा मिथेनॉल तसं वाहक असल्याने अर्थिंग केलेल्या धातूच्या भांड्यात त्यांच्यातला भार क्षणात उतरतो. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून द्रवाचं बाष्प ठिणगीने पेटू शकतं तो) टोल्युइनच्या कितीतरी खाली असूनही स्टॅटिकच्या, म्हणजे साठलेल्या विद्युतभाराच्या, बाबतीत मला टोल्युइन, झायलीन, हेक्सेन या मंडळींचीच जास्त धास्ती वाटते. ती पेटतातही आणि पेटवतातही.

मी सव्वीस वर्षं सॉल्व्हंटमध्ये काढली. आधी रिॲक्टरवर शिफ्ट केमिस्ट होतो, नंतर सेफ्टीत गेलो. पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. डिसेंबरची सकाळ, घाटावरची कोरडी थंडी. हेल्पर ड्रममधून स्टीलच्या कॅनमध्ये टोल्युइन भरत होता. कॅनला अर्थिंगची वायर होती, ड्रमलाही होती, मी स्वतः पाहिली होती. कॅनच्या तोंडात निळं प्लास्टिकचं नरसाळं होतं आणि कचरा जाऊ नये म्हणून कुणीतरी त्यात पितळी जाळीचा गोल तुकडा बसवला होता. जाळी प्लास्टिकमध्ये अडकलेली, म्हणजे कशालाच न जोडलेली. धार जाळीवर पडत होती, जाळी भार गोळा करत होती. कॅन भरत आल्यावर त्याने नरसाळं उचलायला हात पुढे केला. मी दहा-बारा फुटांवर उभा होतो. 'फट्' असा आवाज झाला, फटाक्याचा नव्हे, गॅसची शेगडी उशिरा पेटल्यावर होतो तसा. कॅनच्या तोंडातून निळसर-पिवळी जीभ त्याच्या मनगटापर्यंत आली. त्याने कॅन टाकला नाही, हे आमचं नशीब. मी झाकण आपटून बसवलं, दुसऱ्याने पावडरचा एक्स्टिंग्विशर मारला. त्याची भुवई गेली, हात महिनाभर पट्टीत होता. नंतर सगळे म्हणत होते, "अर्थिंग तर होतं!" होतं ना. कॅनला होतं, ड्रमला होतं. त्या वाटीएवढ्या जाळीला नव्हतं.

"शेडला अर्थिंग आहे" या तुमच्या वाक्याला माझं उत्तर हेच आहे. प्रश्न असा विचारायचा असतो की टोल्युइनच्या वाटेत येणारा धातूचा प्रत्येक तुकडा एकमेकांशी आणि जमिनीशी जोडलेला आहे का? ड्रम, पंपाची नळी, होजचं टोक, नरसाळं, जाळी, कॅन, मिक्सरचं भांडं, ढवळण्याची सळई, आणि माणूससुद्धा. एक तुकडा सुटला तरी तोच ठिणगी देतो, कारण भार साठायला त्याला जागा मिळते आणि शेजारी अर्थिंग केलेला धातू असल्याने उडी मारायलाही जागा मिळते. अर्धवट अर्थिंग कधी कधी अजिबात नसण्यापेक्षा वाईट ठरतं ते यामुळे.

अमेरिकेत कॅन्ससमधल्या व्हॅली सेंटर गावी १७ जुलै २००७ रोजी एका सॉल्व्हंट डेपोत टाकी उडाली. माल टोल्युइन नव्हता, पण त्याच स्वभावाचा नॅफ्था होता. टाकीला रीतसर अर्थिंग होतं. आत पातळी दाखवणारा तरंगता फ्लोट होता, त्याचा सांधा सैल. टँकरमधून माल भरताना पाइपात हवा शिरली, द्रव खळबळला, भार वाढला, सैल सांध्यात क्षणभर फट पडली आणि ठिणगी उडाली. गावातल्या सुमारे ६,००० लोकांना घरं सोडून जावं लागलं. जाळीचा तुकडा आणि हा सैल सांधा, चूक एकच.

तर उद्या सकाळी जाऊन काय करायचं? अर्थिंगच्या वायरला दात असलेली मजबूत क्लिप घ्या, बॅटरीची नाजूक चिमटी नको. ड्रमच्या काठाला रंग असतो, रंग वीज वाहू देत नाही. क्लिपचा दात रंग खरवडून लोखंडाला भिडला पाहिजे. तुमच्या धंद्यात आणखी एक भानगड आहे जी पेंटवाल्यांना कमी असते: सुकलेलं सोल्यूशन. क्लिपच्या जबड्यात, फरशीवर, बुटांच्या तळव्याला त्याचा रबरी थर बसतो आणि तो उत्तम इन्सुलेटर असतो. मी एका युनिटमध्ये पाहिलं, क्लिप दिसायला झकास लावलेली, मल्टीमीटर लावला तर सर्किट उघडं. जबड्यात बोटभर सुका गोंद. म्हणून डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, महिन्यातून एकदा मीटर लावा. धातूपासून अर्थ पट्टीपर्यंत रोध १० ओहमच्या आत हवा. क्लिप बंग उघडण्याआधी लावायची आणि बंग बंद केल्यावर काढायची. उलट क्रमाने केलंत तर ठिणगी बरोबर बाष्पाच्या तोंडाशी पडेल. आधी धंदा उरकून मग क्लिप शोधणारी माणसं मी खूप पाहिली आहेत.

ड्रम लाकडी पॅलेटवर असेल किंवा रबरी चाकांच्या ट्रॉलीवर असेल, तर तो जमिनीवर उभा असूनही विजेच्या दृष्टीने हवेत लटकलेला आहे, हेही लक्षात असू द्या.

प्लास्टिकच्या बादल्या बंद. याला पर्याय नाही, सवलत नाही. प्लास्टिकला क्लिप लावून काही उपयोग नाही, भार जिथे तयार झाला तिथेच बसून राहतो. त्यात बादलीला तारेची कडी असते, म्हणजे पुन्हा एक न जोडलेला धातू, आणि हेल्पर तीच कडी धरून ओततो. त्याच्याऐवजी झाकणाचा लोखंडी किंवा स्टीलचा कॅन घ्या. सर्वात चांगलं म्हणजे बादली हा प्रकारच मधून काढून टाका. बंगमध्ये धातूच्या नळीचा बॅरल पंप बसवा, भार वाहून नेणारा तारेचा होज लावा आणि होजचं टोक मिक्सरच्या तळापर्यंत न्या, म्हणजे माल उंचावरून पडणार नाही, उसळणार नाही. टोक बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवायचा. एक इंची नळीत हा वेग म्हणजे मिनिटाला साधारण ३० लिटर, म्हणजे पूर्ण ड्रम सात मिनिटांत. सात मिनिटं कुणाला जड होत नाहीत. गाळणी लावायचीच असेल तर गाळणीनंतर मालाला निदान अर्धा मिनिट शांत वाहू द्या, कारण बारीक गाळणीत भार कितीतरी पटीने वाढतो.

कॉम्प्रेसरची हवा ड्रममध्ये भरून माल वर ढकलायची सवय काही ठिकाणी आहे. तुमच्याकडे असेल तर आजपासून थांबवा. ड्रम दाब सोसायला बनवलेला नसतो, आणि तुम्ही स्फोटक मिश्रणाला वरून ताजी हवा पुरवत असता.

"पावसाळ्यात स्टॅटिक होत नाही" हे वाक्यही तुम्ही ऐकलं असेल. अर्धं खरं आहे. दमट हवेत कपड्यांवर, फरशीवर, प्लास्टिकच्या बाहेरच्या बाजूला पातळ ओलावा धरतो आणि भार झिरपून जातो, म्हणून कोकणातल्या जुलैत हाताला चटके बसत नाहीत. पण द्रवाच्या पोटातल्या भारावर बाहेरच्या दमटपणाचा काही परिणाम नाही. पाइपातून वाहणारं टोल्युइन जुलैतही जानेवारीइतकंच भारतं. चटके थांबतात म्हणून माणूस बेफिकीर होतो, बाकी काही बदलत नाही.

आता मिक्सर. मला तुमच्या पत्रातली सर्वात घोर ओळ तीच वाटली, जी तुम्ही ओझरती लिहिलीत: "टोल्युइन टाकल्यावर रेझिन आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पिशव्या वरून रिकाम्या करतो." सॉल्व्हंटच्या कारखान्यांतल्या किती आगी या एका हालचालीतून लागल्या आहेत, त्याची गणती नसेल. आतल्या प्लास्टिकच्या लायनरवरून पावडर सर्रकन घसरते, पावडर भारते, लायनर भारतं, पिशवी धरलेला माणूस भारतो, आणि हे सगळं स्फोटक बाष्पाच्या उघड्या तोंडावर घडतं. शिवाय पडणारी पावडर आतलं बाष्प बाहेर ढकलते, थेट त्या माणसाच्या पोटापाशी. लायनर नुसतं झटकलं तरी पुरे.

मोठ्या औषध कंपन्यांत यावर सरळ उपाय करतात, नायट्रोजन भरून ऑक्सिजन इतका खाली आणतात की पेटणंच शक्य होत नाही. टोल्युइनसाठी ती सीमा साडेनऊ टक्क्यांच्या आसपास आहे, व्यवहारात ५ टक्क्यांच्या खाली ठेवतात आणि ऑक्सिजन मीटरने खात्री करतात. तुमच्याकडे उघडा मिक्सर असेल तर नायट्रोजन टिकणार नाही, म्हणून क्रम उलटा करता येतो का ते केमिस्टबरोबर बसून पाहा. रबर, रेझिन, ऑक्साइड आधी कोरडं भरायचं, झाकण लावायचं, मग टोल्युइन बंद नळीतून खालून सोडायचं. गोळे बनतील अशी तक्रार येईल, ती खरी असते. ढवळण्याचा वेळ वाढवून किंवा टोल्युइन दोन टप्प्यांत देऊन ती बहुतेक वेळा सुटते. अगदीच जमत नसेल तर निदान लायनर नसलेल्या कागदी पिशव्या घ्या, पावडर अर्थिंग केलेल्या धातूच्या पसरट नरसाळ्यातून सावकाश सोडा, आणि ओतणाऱ्याच्या पायात अँटिस्टॅटिक बूट असू द्या. रबरी स्लिपर घालून तिथे कुणी उभं राहता कामा नये. चपलांचा गोंद बनवणाऱ्याने चपला घालू नयेत हे विनोदी वाटेल, पण तसंच आहे. कपडे सुती, नायलॉन-पॉलिएस्टरचे जॅकेट नाही, आणि जॅकेट बाष्पाजवळ अंगातून काढायचं तर मुळीच नाही.

बाष्प हवेच्या तिपटीहून थोडं जास्त जड असतं, म्हणून ते वर जात नाही. फरशीवर पाण्यासारखं पसरतं, गटारात उतरतं, खड्ड्यात साठतं, आणि पंधरा-वीस फुटांवर कुठे वेल्डिंग किंवा शेगडी असेल तर तिथपर्यंत जाऊन पेटून परत ड्रमपर्यंत येतं. छताला एक्झॉस्ट पंखा लावून समाधान मानू नका, हवा खेचायची ती जमिनीलगत. किती थोडं लागतं ते सांगतो. सांडलेलं १ लिटर टोल्युइन पूर्ण उडालं तर २० घनमीटर हवेला पेटण्याजोगं करू शकतं, म्हणजे १० बाय ८ फुटांची नऊ फूट उंच खोली.

त्या भागातलं विजेचं सामान फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ज्वाला बाहेर न जाऊ देणारं, हवं हे तुम्हाला माहीत असेलच. सामान निवडायच्या वर्गवारीत टोल्युइन गॅस गट २-ए मध्ये येतं, तापमान वर्ग टी-१. सामान मिळायला अडचण नाही. अडचण नंतर येते. मेंटेनन्सवाला बल्ब बदलतो आणि झाकणाच्या आठ बोल्टांपैकी तीन लावतो. केबल पेटीत शिरते तिथला ग्लँड उघडा राहतो. झाकणाच्या घासून गुळगुळीत केलेल्या काठावर कुणीतरी रंग मारतो किंवा रबराचं पॅकिंग घालतो, त्याला वाटतं चांगलं काम केलं. आतली ज्वाला त्या अरुंद धातूच्या फटीतून थंड होऊन बाहेर पडावी म्हणून तो काठ असतो, तिथे आपण छेडछाड केली की महागडी फिटिंग साधी पेटी होऊन बसते. स्वतः टॉर्च घेऊन, टॉर्चही त्याच दर्जाचा, प्रत्येक पेटीचे बोल्ट मोजा. मी अजूनही कुठल्या प्लांटमध्ये गेलो की आधी बोल्ट मोजतो, मग चहा घेतो.

आता मास्कचं. कापडी किंवा धुळीचा मास्क बाष्प अडवत नाही, शून्य उपयोग. सेंद्रिय बाष्पासाठीचं कार्बन काडतूस असलेला अर्ध-मुखवटा घ्या, युरोपीय पद्धतीत त्यावर तपकिरी पट्टा असतो. काडतूस वास यायला लागेपर्यंत वापरायचं नसतं, तारीख लिहून ठरावीक तासांनी बदलायचं, आणि वापरून झालं की हवाबंद पिशवीत ठेवायचं, नाहीतर खुंटीवर लटकूनच ते भरून जातं. नाकावर भिस्त ठेवू नका. टोल्युइनचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो खरा, पण थोड्या वेळात नाक सरावतं. आपल्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीत आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) दिलेली होती. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने २००७ पासून ती २० पीपीएमपर्यंत खाली आणली आहे, आणि मी तीच धरतो. संध्याकाळी डोकं जड होणं, उगाच हसू येणं, घरी गेल्यावर चिडचिड, ही तुमच्या माणसांची लक्षणं 'गोंदाचा वास लागतो' म्हणून सोडून देऊ नका. गोंगाटात काम करणाऱ्यांच्या कानांना टोल्युइन आणखी इजा करतं. गरोदर बाईला या कामावर ठेवू नये, गर्भाला अपाय होतो.

आणि मास्क लावून कुणीही टाकीत किंवा मिक्सरच्या पोटात उतरायचं नाही. काडतूस ऑक्सिजन बनवत नाही. तिथे परमिट, गॅस टेस्ट, बाहेरून हवा देणारा मुखवटा आणि दारात दोरी धरून उभा असलेला माणूस, यातलं एकही कमी असेल तर काम नाही.

हातमोज्यांत सगळे फसतात. निळे नायट्राइलचे मोजे सगळ्या केमिकलला चालतात असा समज आहे, टोल्युइनमध्ये ते थोड्याच वेळात फुगतात आणि माल आत येतो. व्हायटॉन रबराचे मोजे टिकतात, महाग आहेत. पीव्हीएचेही (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) टिकतात, पण पाण्याने विरघळतात, म्हणून ओल्या कामात नकोत. हाताला लागलेलं सोल्यूशन टोल्युइनच्या बोळ्याने पुसायची पद्धत मात्र कुठल्याही मोज्याशिवाय बंद करता येते, त्यासाठी साबण आणि खोबरेल तेल पुरतं. माल घेताना सप्लायरकडून टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यात बेंझीनचं प्रमाण बघा. स्वस्तातल्या मालात ते जास्त असू शकतं, आणि बेंझीन रक्ताचा कर्करोग देतं. लिटरमागे चार-पाच रुपये वाचवायला मी त्या वाटेला जाणार नाही.

डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. चुकून पोटात गेलं तर ओकारी काढायला लावू नका. ओकताना ते फुप्फुसात उतरतं आणि ते पोटात राहण्यापेक्षा फार वाईट. आग लागली तर पाण्याचा फवारा त्यावर मारू नका, टोल्युइन पाण्यावर तरंगतं आणि पसरतं. कोरडी पावडर किंवा फोम. पाणी शेजारच्या ड्रमांना थंड ठेवायला वापरा. सांडलं तर कोरडी वाळू टाका, आणि त्या वेळी दिवा-पंख्याचं बटण लावूही नका, बंदही करू नका.

लायसन्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश आहे आणि पेट्रोलियम कायद्यात २३ अंशांखालचा माल अ वर्गात येतो. विक्रीसाठी नसलेला अ वर्गाचा माल विनापरवाना ठेवायची मुभा एकूण ३० लिटरपर्यंतच आहे. तुमचा एक ड्रमच २०० लिटरचा. मालकांना विचारा परवाना आहे का, नसेल तर स्फोटकं आणि पेट्रोलियमचं जे केंद्रीय खातं आहे, ज्याचं मुख्यालय नागपुरात आहे, त्यांच्याकडे अर्ज करायला लावा. विमा कंपनी आगीनंतर पहिला कागद हाच मागते.

राहिले रिकामे ड्रम. तुमच्याकडचा सर्वात धोकादायक ड्रम भरलेला नव्हे, रिकामा. २०० लिटरच्या ड्रमला पेटण्याजोगं करायला सुमारे १० मिलिलिटर टोल्युइन पुरतं, म्हणजे दोन चमचे. ड्रम उलटा करून निथळला तरी कडेच्या खाचेत त्याहून जास्त राहतं. मग तो भंगारात जातो आणि कुणीतरी पाण्याची टाकी किंवा भट्टी बनवायला त्यावर गॅस कटर धरतो. काही हुशार लोक कापण्याआधी त्यात सीओटूचा एक्स्टिंग्विशर मारतात, हवा घालवायला म्हणून. हे तर उलट आहे. सीओटूचा बर्फाळ झोत स्वतःच जोरदार स्टॅटिक तयार करतो. १९५४ साली जर्मनीत बिटबुर्ग इथे इंधनाच्या टाकीवर सीओटूची अग्निशमन यंत्रणा तपासतानाच टाकी उडाली आणि माणसं गेली.

ड्रम देताना दोन्ही बंग घट्ट लावूनच द्या, लेबल खरवडू नका, आणि रिकामा ड्रम उन्हात उघडा ठेवून 'वाळवू' नका. शक्य असेल तर सप्लायरलाच परत करा किंवा परवानाधारक ड्रम धुणाऱ्याला द्या. आमच्याकडे येणारा भंगारवाला एकदा मला म्हणाला, "साहेब, मी तुमचे ड्रम कधीच गॅसने कापत नाही. तोंडापर्यंत पाणी भरतो आणि छिन्नीने फोडतो." मी विचारलं, कुणी शिकवलं? त्याने डाव्या हाताची दोन बोटं नसलेला पंजा वर केला आणि वजनकाट्यावर पुढचा ड्रम चढवला.